जळगावातलं एक पाळणाघर, अडीच महिन्यांचा अनुभव (लांब आहे, चहा घेऊन बसा)

आधीच सांगते, नाव टाकणार नाहीये. मावशींनीच नको म्हटलंय. "ताई, आपल्याकडं आठच लेकरं घेते मी, नववं घेतलं तर मला रात्री झोप लागणार नाही, तुम्ही नाव लिहिलं की फोन सुरू होतील." महाबळच्या बाजूला आहे एवढं पुरे. तरी लिहितेय, कारण की मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या दोघींनी विचारलं की पाळणाघर कसं निवडलंस, आणि दोघींनाही अर्धा तास जे सांगत बसले ते लिहूनच टाकावं म्हटलं.

माझी चिऊ पाच महिन्यांची होती तेव्हा ड्युटी सुरू झाली. सासूबाई अमळनेरला, त्यांचे गुडघे गेलेत. आईला दमा आहे. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. म्हणजे पाळणाघराशिवाय पर्याय नव्हता. आणि मी पडले नर्स, आत्ता ओपीडीला आहे पण लग्नाआधी साडेतीन वर्षं जळगावच्या बाहेर लहान मुलांच्या आयसीयूत काढलीत. त्याचा फायदा असा की बाळाला कशानं काय होतं ते कळतं, आणि तोटाही तोच.

तीन ठिकाणं पाहिली. तिन्हीकडं एकच प्रश्न विचारला, "बाळ रडायचं थांबलंच नाही तर तुम्ही काय करता?"

स्वच्छता, कॅमेरा, खेळणी, भिंतीवरचा मिकी माऊस, हे सगळं नंतर. आधी हा प्रश्न. लोकं हसतात, म्हणतात हा काय प्रश्न झाला, बाळ रडणारच. पण हाच प्रश्न आहे, का ते सांगते.

आयसीयूत असताना अशी बाळं यायची, फार नाही, वर्षातून दोनचार. तीन महिन्यांचं, चार महिन्यांचं. बरोबरचे लोक सांगणार "खाटेवरून पडलं", नाहीतर "दूध पिता पिता अचानक गार पडलं". अंगावर बघाल तर काही नाही. ना टेंगूळ, ना ओरखडा. बाळ मात्र मलूल, श्वास मधेच थांबतोय, टाळू फुगून टम्म झालेली, झटके येतायत. सीटी केला की मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली रक्त. मग डोळ्यांचे डॉक्टर यायचे, बाहुली मोठी करायचं औषध टाकून आत बघायचे, पडद्यावर रक्ताचे ठिपकेच ठिपके. ते काही बोलायचे नाहीत, नुसतं आमच्या सरांकडं बघायचे. सर पण काही बोलायचे नाहीत, फाईलवर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, असं लिहायचे आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना आत बोलवायचे, एकेकाला, वेगवेगळं.

गदागदा हलवलेलं बाळ असतं ते. काखेत धरून, रागाच्या भरात, पाच-दहा सेकंद. कुणी मारायला म्हणून हलवत नाही हो, "गप बस, गप बस" म्हणताना होतं ते.

आता नुसतं हलवल्यानं एवढं काय होतं, असं मला माझ्या नणंदेनंच विचारलं होतं. तिला सांगितलं तेच इथं सांगते. आपल्या रावेर-यावलकडं मे-जूनच्या वादळात केळी कशी पडते पाहिलंय ना, घड जड आणि बुंधा पाण्यानं भरलेला मऊ, वाऱ्यानं घड एकदा इकडं एकदा तिकडं झोकला की मधनंच मोडते. बाळाचं तसंच. डोकं अंगाच्या मानानं केवढं मोठं, उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं नुसतं डोकंच, आणि मानेत जोर नाही. आतला मेंदू मोठ्या माणसासारखा घट्ट पण नसतो, पाणी जास्त, नसांवरचं वेष्टण अजून चढलेलं नसतं. नुकतं विरजलेलं दही डब्यात घालून एसटीनं जळगाव ते चोपडा न्या आणि उघडून बघा. कवटी एकीकडं जाते, मेंदू मागनं येतो, परत उलटं. मेंदू आणि आवरण यांच्यामध्ये बारीक शिरा पुलासारख्या गेलेल्या असतात त्या तुटतात, म्हणून ते रक्त.

पण खरी गोष्ट पुढं आहे आणि ती बऱ्याच जणांना माहितीच नसते. आम्हालाही सरांनी सांगितली तेव्हाच कळली. रक्त दिसतं म्हणून सगळ्यांचं लक्ष रक्ताकडं जातं, पण बाळाचं वाटोळं बरेचदा मानेपासून सुरू होतं. कवटी जिथं मणक्यावर टेकते तिथं मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पुढं मज्जारज्जू होतो, श्वास चालवणारी जागा तिथंच. डोकं पुढं-मागं झोकलं की नेमका तोच भाग ताणला जातो. २००१ साली इंग्लंडात डॉक्टरांनी अशा दगावलेल्या ५३ मुलांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर तान्ह्या बाळांमध्ये सगळ्या मेंदूभर नसा तुटल्यात असं फार थोड्यांत निघालं. जास्त करून दिसलं ते ऑक्सिजन न मिळाल्यानं मेलेला मेंदू, आणि काही बाळांमध्ये मान आणि डोक्याच्या सांध्यापाशीच ताणून तुटलेले नसांचे धागे. म्हणजे अंदाज असा, की आधी तो देठ दुखावतो, बाळाचा श्वास थांबतो, मग मेंदूला हवा नाही, मग सूज, आणि सूज चढली की अजून रक्त कमी पोचतं. हे चक्र एकदा लागलं की व्हेंटिलेटरवर घेऊनसुद्धा आपण मागं धावत असतो.

म्हणून आमचे सर डोक्याबरोबर मानेचा आणि पूर्ण मणक्याचा एमआरआय करायला लावायचे. सीटीत मानेचे सांधे बांधणारे पट्टे ताणलेले दिसत नाहीत, एमआरआयत दिसतात. कधी मणक्याच्या नळीतसुद्धा रक्त उतरलेलं असतं, कधी बाहेर पडणाऱ्या नसांची मुळं ओढली गेलेली. नातेवाईक म्हणायचे डोक्याला लागलं तर पाठीचा फोटो कशाला, पैसे काढायची कामं. काय बोलणार.

वाचलेली बाळं पण बघितलीत. चारातलं एक साधारण जातंच, राहिलेल्यांतली बरीच काही ना काही घेऊन घरी जातात. एक बाळ आठवतं, दिसायला गुबगुबीत, डोळे उघडे, पण आई समोर आली तरी नजर तिच्या आरपार. डोळे चांगले, मेंदूचा बघायचा भाग गेलेला. हातपाय काठीसारखे कडक. फिट्सचं औषध दोन प्रकारचं. आई रोज विचारायची, "सिस्टर, आज बघितलं का हो त्यानं?" काहींचं तर तेव्हा काहीच कळत नाही, पोर शाळेत गेल्यावर लक्ष लागत नाही, शिकवलेलं राहत नाही, तेव्हा लक्षात येतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, नाहीतर वाचून कुणीतरी उठून सुनेवर नाहीतर मावशीवर आळ घ्यायचं. आत रक्त दिसलं म्हणजे कुणीतरी हलवलंच असं नाही. जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं नसेल, घरी बाळंतपण झालं असेल, आणि बाळ फक्त आईच्या दुधावर असेल, तर दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आमच्याकडं एक बाळ अशा संशयानं आलं, सगळे त्या बापाकडं खुन्यासारखे बघत होते, रक्त गोठायची तपासणी आली तर व्हिटॅमिन के कमी. इंजेक्शन दिलं, तपासणी ताळ्यावर आली. बाप कोपऱ्यात उभा राहून रडत होता. १९७१ मध्ये गथकेल्च नावाच्या ब्रिटिश मेंदूच्या सर्जननं पहिल्यांदा लिहिलं की बाळाला हलवल्यानं बाहेर खूण न दिसता आत रक्त होऊ शकतं, आणि त्याच माणसानं म्हातारपणी लिहिलं की नुसत्या या खुणा दिसल्या म्हणून कुणाला दोषी धरू नका, आधी बाकीचे आजार तपासा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पण २००९ ला 'शेकन बेबी' हे नाव मागं ठेवून 'अब्युझिव्ह हेड ट्रॉमा', म्हणजे कुणीतरी केलेली डोक्याची इजा, असं म्हणायला सांगितलं, कारण हलवणं हा एकच प्रकार नाही, आपटणं पण असतं, दोन्ही मिळून पण असतं.

बरं, पाळणाघरावर येते. वाचणारे म्हणत असतील बाईला रिव्ह्यू लिहायचाय का लेक्चर द्यायचंय.

पहिलं ठिकाण, दिसायला एकदम भारी. एसी, रबरी फरशी, मोबाईलवर लाईव्ह कॅमेरा, ड्रेस घातलेल्या मुली. प्रश्न विचारला. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडं बाळं रडतच नाहीत." मी म्हटलं तरी पण, रडलंच तर? थोडा आवाज खाली करून म्हणाल्या, "फारच झालं तर सर्दीचं सिरप देतो थोडं, छान झोपतात." मी चिऊची बॅग उचलली. सर्दीचं सिरप झोपवायला! एवढ्या लहान बाळाचा श्वास मंद होऊ शकतो त्यानं. कॅमेऱ्याबद्दल पण माझं मत सांगून ठेवते, कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही. दहा सेकंदांत काम झालेलं असतं आणि तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असता.

दुसरं घरगुती, बाई चांगल्या वाटल्या पण एकट्या, आणि बाळं सहा. "रडलं तर काय, रडून रडून झोपतं, नाहीतर दोन धपाटे." हसत म्हणाल्या. मी पण हसले, आणि परत गेले नाही.

तिसरं हे. जुनं दुमजली घर, पुढं ओटा, ओट्यावर तुळस आणि एक मोडकी सायकल. मावशी साठीच्या, त्यांची सून, आणि मदतीला एक बाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. तिघी मिळून आठ लेकरं. प्रश्न विचारला तर मावशी लगेच काही बोलल्याच नाहीत. हातातला सुपलीतला लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी सगळं बघते, ओलं आहे का, भूक आहे का, पोट फुगलंय का, कुठं दोरा बोटाला गुंडाळलाय का. सगळं बघून पण रडतंय तर मग घेऊन फिरते. फिरून पण रडतंय आणि माझंच डोकं गरम व्हायला लागलं, तर हात रिकामे करायचे."

म्हटलं म्हणजे?

"म्हणजे पाळण्यात उताणं ठेवायचं आणि बाहेर यायचं. ओट्यावर. पाणी प्यायचं. डोकं गरम असताना हातात लेकरू नको. रडून कुणी मरत नाही ताई."

मी तिथल्या तिथं ॲडव्हान्स दिला असता, पण नवऱ्यानं सांगितलं होतं घाई करू नको. म्हणून म्हटलं मावशी, एक दिवस बसू का इथं? त्या म्हणाल्या बसा की, भेंडी चिरायला मदत करा.

दुपारी अकरा ते पाच बसले. बाहेर ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं, कूलर घरघरतोय. तीनच्या सुमाराला एक दोन महिन्यांचं पोरगं सुरू झालं. त्याची आई शिक्षिका, नुकतीच रुजू झालेली. काय रडलं ते! लालबुंद, मुठी आवळून, पाय पोटाशी. हे वयच रडायचं असतं, दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, दीड-दोन महिन्यांना शिखर गाठतं आणि तीन-चार-पाच महिन्यांत उतरतं, दुपार-संध्याकाळचं जास्त, आणि काही केल्या थांबत नाही, कारणच नसतं. बऱ्याच आयांना वाटतं आपलं दूध कमी पडतंय, नाहीतर दृष्ट लागली. आणि हलवून आणलेली बाळं पण याच वयातली जास्त, हा काय योगायोग नाही.

आधी सूनबाईंनी घेतलं. लंगोट बघितला, उभं धरून ढेकर काढली, बोटं एकेक करून तपासली. वीस मिनिटं फिरवलं. मग काही न बोलता त्या बाईंकडं दिलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्या बाई, "काय व्हयनं व माय, काबर रडी राहिनी?" असं त्या पोराला पोरीसारखं बोलत बोलत पंधरा मिनिटं. मग मावशी. मावशींनी दहा मिनिटं खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर त्याला पाळण्यात उताणं ठेवलं, पाळण्यात उशी नाही काही नाही, आणि ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसल्या. आत पोरगं किंचाळतंय आणि त्या पाणी पितायत. मला मेलीला उठून जावंसं वाटत होतं, दूध उतरायला लागलं माझं. त्या म्हणाल्या, "बसा. पाच मिनिटं." घड्याळाकडं बघत होत्या, दारातनं पाळण्याकडं पण बघत होत्या. पाच मिनिटांनी परत गेल्या, उचललं. एकूण पन्नास मिनिटं चाललं हे. आणि मग एकदम, नळ बंद करावा तसं, गप. झोपलं.

आयसीयूत आम्ही शिफ्ट बदलताना पेशंट जसा एकीकडनं दुसरीकडं सोपवतो ना, तसंच होतं अगदी. कुणी कुणाला "तुला जमत नाही का" असं म्हटलं नाही. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आपल्या घरात काय होतं, रडणारं बाळ आईच्या हातात आणि बाकी सगळे दारात उभं राहून सल्ले देणार. चिऊ दोन महिन्यांची असताना रात्री दोन वाजता माझे पण दात आवळले गेले होते, खोटं कशाला बोलू, मला सगळं माहीत असताना. नवऱ्याला उठवलं, त्याच्याकडं दिली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

बाकी मुद्दे पटापट सांगते.

झोळी आहे, जुन्या सुती लुगड्याची, छताच्या कड्याला. दोघी-तिघींनी विचारलं झोळीनं मेंदूला काही होतं का. नाही हो. झोळीचा झोका, मांडीवर उड्या, रिक्षातले खड्डे, ह्यानं तसं होत नाही, त्याला फार जोर लागतो, बघणाऱ्याला पण कळतं की काहीतरी भयंकर चाललंय. झोळीत मला दुसरी भीती असते, मान छातीवर दुमडून श्वास कोंडायची, म्हणून रात्रभर झोळीत नको, झोप लागली की सपाट जागेवर उताणं. मावशींना सांगितलं, ऐकलं त्यांनी. पाय धरून बाळ उलटं लटकवणारी मालिशवाली मात्र मी घरी बंद केली, ते बघवतच नाही.

फी महिना साडेतीन हजार, दूध-खाणं आपलं. सहा वाजेपर्यंत. साडेसहाला गेलं तर काही म्हणत नाहीत पण चेहरा बघून कळतं.

वजा बाजू पण आहे. जिना अरुंद आणि कठडा नाही, रांगणाऱ्यांसाठी फळी आडवी लावतात पण मला ते पटत नाही, तीनदा बोललेय. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर नाही, मे महिन्यात हाल झाले. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला तीन दिवस बंद, कानबाईच्या सणाला पण सुट्टी, आधी सांगतात पण आपली ड्युटी काय आखाजी बघत नाही. मला न विचारता काजळ घातलं एकदा, मी डोळे वटारले तर म्हणाल्या आता तळपायाला लावू. आणि चारच्या सिरियलला टीव्हीचा आवाज मोठा असतो, सगळी बाळं सासू-सुनांची भांडणं ऐकून मोठी होतायत.

तुम्ही कुठंही ठेवा बाळ, माझ्याकडनं एवढंच सांगणं की बाळाला घ्यायला गेलात आणि नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, दूध ओढत नाही, सारखं ओकतंय, टाळू वर आलीय, नजर ठरत नाही, श्वास अडकल्यासारखा, तर "ऊन लागलं असेल" म्हणून घरी नेऊ नका, सरळ दवाखान्यात. आणि तिथं गेल्यावर काय झालं ते खरं सांगा, कितीही लाज वाटली तरी. खरं लवकर कळलं तर डॉक्टर मानेला आधार देऊनच पुढचं सगळं करतात. संशय असेल तर १०९८ वर फोन करता येतो, मुलांसाठीचीच लाईन आहे ती, फुकट.

सध्या जागा नाहीये. एक पोरगी जूननंतर नर्सरीत जाईल तेव्हा एक जागा होईल, पण त्या शिक्षिकेच्या बहिणीनं आधीच सांगून ठेवलंय म्हणे. ते पन्नास मिनिटं रडणारं पोरगं आता साडेचार महिन्यांचं झालंय आणि इतकं शांत की मावशी त्याला 'संत' म्हणतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मोज्यांसाठी. चार जोड दिले होते, आता तीन मोजे राहिलेत, तिन्ही वेगळ्या रंगाचे, त्यातला एक आमचा नाहीच.